अंगणातून दिसणारी सोमारी

मी, सुकलू पत्रू कुमरे, राहणार पिपरटोला, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, शिक्षण चौथी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. आज डोके ठिकाणावर आहे. उद्याची खात्री वाटत नाही, म्हणून घाई करतो. कोणी दारू पाजून किंवा धाक दाखवून लिहवून घेतलेले नाही.

१. धानाची बांधी, म्हणजे शेत, माझी मुले सुनिल व प्रफुल यांना निम्मी-निम्मी. बँकेतले पैसे माझ्या मरणाच्या कार्याला लावावेत.

२. कुऱ्हाड प्रफुलला. ती माझा चुलतभाऊ झिंगू याच्याकडे अडकली आहे. मागितली की "कोनती कुऱ्हाड?" म्हणतो. प्रफुलने आणावी, पण एकट्याने जाऊ नये.

३. घरातल्या मागच्या भिंतीवर माझी मयत पत्नी सोमारी हिचे चित्र आहे. वडशाचे वाजिदभाऊ नाटकाचे पडदे रंगवतात. आमच्या गावी नाटकाला आले तेव्हा उरलेल्या कापडावर त्यांनी ते नुसत्या रंगीत ठिपक्यांनी काढले. तिचा दुसरा फोटो नाही. तिने जवळून पाहिले आणि म्हणाली, "भाऊ, माह्या गालाले हिरवं काऊन लावलं? मी का कच्चा आंबा आहो?"

ते म्हणाले, "बाई, तिकडं मोहाखाली जाऊन पाहा."

अंगणातल्या मोहाच्या झाडाखालून, उघड्या दारातून पाहिले, तेव्हा ठिपके मिळून तिचे तोंड झाले. हनुवटीवरचे गोंदणसुद्धा. तिने आपल्या हनुवटीला हात लावून पाहिला.

खोलीत उभे राहिले तर ठिपकेच दिसतात. सून करिश्मा एकदा बुरशी समजून ओले फडके घेऊन आली होती. तेव्हापासून मी बाहेरगावी मुक्काम करत नाही.

४. मोहफुलांवरून दोघे भाऊ भांडतात. सुनिल म्हणतो, "बाबा, मधात भिंत टाकून देऊ, मंग कटकटच नाई." वाघ गावात फिरतो, त्याचीही मला भीती आहे. त्यासाठी बाहेरून कुंपण घालावे. पण दार आणि मोह यांच्या मधे भिंत आली तर सोमारीचे पुन्हा ठिपके होतील. या भीतीने झोप लागत नाही.

म्हणून घर व चित्र सुनिलला. अंगण व मोह प्रफुलला. सुनिलला आई पाहायची असेल तर त्याने प्रफुलच्या अंगणात जावे. प्रफुलला पाहायची असेल तर सुनिलने दार उघडावे. मधे भिंत घालू नये.

दोघांनाही तिला पाहावेसे वाटले नाही तर काय, याची तरतूद मला सुचलेली नाही. सुचली तर लिहीन म्हणून इथे जागा सोडली आहे.

……………………

सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे. पुढील दोघांच्या डोळ्यांसमोर केली.

सही: सुकलू पत्रू कुमरे

साक्षीदार: वाजिद रहीम शेख, पेंटर, रा. वडसा
गुलाब सोमा गेडाम, शेजारी, रा. पिपरटोला

ठिकाण: पिपरटोला, मोहाखाली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२४