डावी मोटर फिरेपर्यंत

३ ऑक्टोबर
स्वतःच्या हातांनी बनवलेल्या वस्तू: चारा कापायचं यंत्र, टाकीचा स्टँड, हिच्या शिलाई मशीनचं पेडल (वापरत नाही), आणि आता खत पसरायचं यंत्र. मागे दोन चकत्या, प्रत्येकीला तेलाच्या दाबावर फिरणारी वेगळी हायड्रॉलिक मोटर, तेलाचा पंप दोघींत एक. यंत्र व्हरांड्यात असल्यामुळे घराचं दार अर्धंच उघडतं. तेवढ्यावरून ही लेकीकडे गेली. म्हणाली, ते धूड इथून हललं की कळवा, त्याच दिवशी निघते. पंधरा दिवसांचं काम.

५ ऑक्टोबर, सकाळी ७.१०
चाचणी. उजवी चकती मिनिटाला ३९० फेरे. डावी शून्य. किरकोळ.
शेजारचा लेथवाला म्हणाला, दादा, तेल सोपी वाट धरतं, तुमच्या-आमच्यासारखंच. फ्लो डिव्हायडर घ्या, दोघींना सारखं वाटून देईल. म्हटलं, माझ्या यंत्रात विकतची अक्कल नको. तो म्हणाला, मोटर काय झाडाला लागल्या होत्या? आठ दिवस त्याच्याशी बोलणार नाही.

९ ऑक्टोबर
उजवीला लाकडी ब्रेक लावला. आता डावी ४०२, उजवी शून्य. म्हणजे डावीत दोष नाही, हे सिद्ध झालं. प्रगती.
लेकीचा फोन. आई विचारते, जेवता ना वेळेवर? सांगितलं, वेळापत्रक आहे. (वेळापत्रक करणे.)

१२ ऑक्टोबर
एकीतून निघालेलं तेल दुसरीत सोडलं. दोन्ही ३८५. दोन्ही. सांगायला वळलो तर मागे कोणी नव्हतं. लेथवाल्याचे आठ दिवस अजून पुरे व्हायचे होते. एक दिवस माफ केला, तर त्याचं दुकान बंद.

१३ ऑक्टोबर
मागच्या दाबाने पहिलीचं सील फुटलं. तेल छतापर्यंत. जादा तेल टाकीत परत नेणारी नळी जोडायला विसरलो नव्हतो. गरज नाही असं ठरवलं होतं. सील बदललं, जोडणी पहिल्यासारखी केली.

२ नोव्हेंबर
यंत्र विकत घ्यायला डीलर आला. फक्त उजवी फिरली. सगळं खत त्याच्या जीपवर. मी म्हटलं, फेक किती लांब आहे पाहा. त्याने काच पुसली, वेल्डिंगवरून हात फिरवला, बराच वेळ बोलला. गेला.
संध्याकाळी हिचा फोन. यंत्र? म्हटलं, आहे. ती म्हणाली, रजया वरच्या कपाटात आहेत.
नोंद असावी म्हणून: डीलर उद्या सकाळी ट्रक पाठवून आहे तसं उचलणार होता. दोन्ही मोटर काढून एकच बसवणार म्हणाला, म्हणून नाही म्हटलं. तीन लाख ऐंशी हजार देत होता. रोख.