चाकं न बदलता

प्रिय ठमे,

गुडघे कुरकुरतात, चष्मा रोज हरवतो, बाकी मी ठणठणीत. मुद्द्यावर यायला मी अर्धं पान खातो म्हणून तू चिडवतेस. आज मात्र भीतीनंच आढेवेढे घेतोय.

युद्धात मी आणि तुझे यजमान एका तळघरात गुप्त संदेशांच्या यंत्रावर होतो आणि चूक त्यांच्या हातून झाली, एवढंच तुला ठाऊक. टाइपरायटरसारखं यंत्र, आत दात्यांची बारा चाकं. आपण एक अक्षर दाबायचं, बाहेर भलतंच पडायचं. नियम एकच, पण कडक: प्रत्येक संदेशाआधी चाकं नव्यानं लावायची. तोच संदेश पुन्हा पाठवायचा असला तरीही. त्या दिवशी जहाजांच्या मार्गाचा लांबलचक संदेश मी पाठवला आणि पलीकडून निरोप आला, काही कळलं नाही, पुन्हा पाठवा. मी वैतागलो. कंटाळा केला, चाकं पहिल्याच जागी आणली आणि शब्द तोडूनमोडून तोच मजकूर हाणला. शत्रूनं एकाच मांडणीतले ते दोन्ही संदेश शेजारी ठेवले, त्यांच्यातल्या फरकावरून सगळं वाचलं आणि जहाजं बुडवली. त्यातल्याच एका जहाजावर आपला धाकटा भाऊ होता.

चौकशीत चूक सापडली. वहीत पाळीप्रमुख म्हणून सही यजमानांची. साहेबांनी जाब विचारला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मिठाची गुळणी धरून बसलो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. त्यांची नोकरी गेली. आणि तू, भाऊ यांच्यामुळे गेला म्हणून, अकरा वर्षं त्यांच्याशी अवाक्षर बोलली नाहीस. मी जेवायला यायचो. तू मला आग्रह करकरून वाढायचीस, त्यांच्यापुढे नुसतं ताट सरकवायचीस. ते मुकाट्यानं जेवायचे आणि मी, निलाजरा, दुसऱ्यांदा वाढून घ्यायचो. ते शेवटच्या आजारात तुझ्याकडे बघत पडून असायचे, तेव्हाही माझी जीभ उचलली नाही. माझी मलाच किळस येते गं.

परवा संग्रहालयातला माणूस आला होता. ते यंत्र तिथे मांडणार आहेत, शेजारी त्या चुकीची हकिगत. पाटीच्या मजकुरात नाव तुझ्या यजमानांचं होतं. मी ते खोडलं, माझं लिहिलं, खाली सही केली. तुला हे आधी पाटीवर वाचायला लागू नये, म्हणून हे पत्र. ठमे, तू अबोला भलत्याच माणसाशी धरलास. आता माझ्याशी धर. मी समजूत काढायला येणार नाही.

तुझाच, पण तोंड दाखवायला न धजणारा,
दादा