बॅटरीतलं पाणी

दादा, तुमच्या ऑक्सिजनच्या मशीनसाठी आपण घराच्या पत्र्यावर सोलर बसवलं, त्या दिवसांबद्दल मला लिहायचं आहे. तुम्ही होतात तोवर त्यावर आपण बाप-लेक नीट बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. तुम्ही एकदाच बोललात, आणि तेही माझ्याशी नाही.

आयुष्यभर भाताची गिरणी चालवून तुमच्या छातीत कोंडा बसला होता, वर विड्या होत्याच. दोन हजार सहा साली पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आता दिवसाचे बरेचसे तास नाकात नळी लागेल. मशीन घरी आलं, पण आपल्या खोऱ्यात तेव्हा लाईट सकाळी जायची आणि दुपारी पुन्हा जायची. माझ्या फ्लॅटवर चला म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "तितं चौथ्या मजल्यावर टांगून घेऊ का सोताला?" मग मी हट्टाला पेटले. कासार आंबोलीच्या एका बंगलेवाल्यानं जनरेटर घेतला होता आणि त्याची चार पॅनेल नुसती पडून होती. ती मी आणली, दोन मोठ्या बॅटऱ्या आणल्या, इन्व्हर्टर आणला. पॅनेल दिवसा बॅटऱ्या भरतील, लाईट गेली की मशीन त्यांवर चालेल, ऊन असेल तर निम्मा भार पॅनेलच उचलतील. नुसत्या बॅटऱ्यांवर चार तास. शिवाय अडीनडीला मागच्या खोलीत ऑक्सिजनचा एक राखीव सिलिंडर ठेवला. हिशोब कागदावर मांडून मी तुम्हाला दाखवला. तुम्ही कागदाकडे बघितलं नाही, बॅटऱ्यांकडे बघितलं. म्हणालात, "ह्यांच्या पान्याकडं लक्ष ठेवावं लागंल. इंजिनापेक्षा नाजूक जात हाय ही." मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं.

हे काम माझ्याकडे का लागायला हवं होतं, ते तुम्हालाही ठाऊक होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना सुट्टीत मी गिरणीत आले होते, तुम्ही जेवायला गेलात तेव्हा न विचारता इंजिन चालू केलं आणि पट्टा तुटला. सुगीचे दिवस, गिरणीत पोती घेऊन माणसं उभी. त्या सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "कालिजात जाऊन हे शिकलीस व्हय? हात लावायची अक्कल न्हाई तर लांब उभं ऱ्हावं." वाक्य एवढंच. मी त्याच संध्याकाळच्या एसटीनं गेले आणि दोन दिवाळ्या घरी आले नाही. आई तेव्हा होती, तिनं मध्ये पडून जुळवून आणलं. पण तुमचं ते वाक्य मी जपून ठेवलं होतं. पत्र्यावर पॅनेल चढली त्या दिवशी मला वाटलं, आता फिटलं.

दर शनिवारी मी यायची. आठवडाभर तुमच्याकडे शेजारच्या काकू बघायच्या. दोन वेळची भाकरी, गरम पाणी, गोळ्या. दुपारची सगळी कामं उरकून त्या तुमच्याजवळ भिंतीला टेकून टीव्हीवरची मालिका बघायच्या. मी आले की बॅटऱ्यांची टोपणं उघडायची, पाणी कमी झालेलं असलं की भरायची. सुरुवातीला डिस्टिल वॉटरचा कॅन होता. जानेवारीत तो संपला, आणि नवा आणायचं दर आठवड्याला राहून जायचं. हिंजवडीच्या ऑफिसातून निघायची घाई, कॅब सुटायची भीती. एका रविवारी सकाळी मी माझ्या बॅगेतली बाटली काढली, सीलबंद, दुकानातली, प्यायच्या पाण्याची, आणि तीच ओतली. तुम्ही कॉटवरून बघत होतात. "डिस्टिल संपलं का?" म्हणून विचारलंत. मी म्हटलं, "हे त्याच्याहून शुद्ध असतं दादा, सील असतं याला." तुम्ही कुशीवर वळलात. त्यानंतर थेट पावसाळ्यापर्यंत मी बाटल्याच ओतत राहिले.

एप्रिलमधला तो शनिवार. मी दुपारी दारात येते तर मशीन पिपाणीसारखं ओरडतंय आणि बंद पडतंय. लाईट जाऊन दोन तासही झालेले नाहीत. तुम्ही गुडघ्यांवर हात टेकून वाकलेले आहात, मानेच्या शिरा ताठ झाल्यात, आणि काकू तुमची पाठ चोळताहेत. माझी नजर भिंतीकडे जाते. टीव्हीची वायर इन्व्हर्टरच्या बोर्डात खोचलेली आहे.

मी मागच्या खोलीतला सिलिंडर ओढू लागले, पण सुदैवानं पाचेक मिनिटांत लाईट आली. मशीन सुरू झालं, तुमचा श्वास जरा सुरळीत झाला. आणि मग मी काकूंकडे वळले. अंगणात दोन बायका धान्य निवडायला बसल्या होत्या, त्या ऐकताहेत हे मला दिसत होतं. मी म्हटलं, "काकू, तुमच्या मालिकेपायी माझा बाप गुदमरून मेला असता. एवढी अक्कल नाही तर इथं येऊ नका." काकूंनी पदर खोचला, तुमच्या पांघरुणाची घडी घातली आणि गेल्या. तुम्ही धापा टाकत म्हणालात, "टीव्ही म्या लावला हुता. तिला कशापायी बोललीस?" मी बोर्डावर चिकटपट्टी लावली आणि त्यावर लिहिलं, फक्त मशीन. टीव्ही किती वीज खातो हे मला ठाऊक होतं. त्याच्यानं चाराचे दोन तास होत नाहीत, हेही. तरी मी तो हिशोब त्या दिवशी केला नाही.

काकू यायच्या थांबल्या. डबा कुंपणावरून द्यायच्या.

जुलैत सलग आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. मंगळवारी सकाळी मी ऑफिसात असताना तुमचा फोन आला. रात्रीच्या वाऱ्यात कुठंतरी तार तुटली होती, पहाटेपासून लाईट नव्हती. "बॅटरी हाय, तू काम कर," म्हणालात. दोन वाक्यांमध्ये तुम्ही थांबलात ते मी ऐकलं. मी म्हटलं, फोन जवळ ठेवा, मी अर्ध्या तासानं करते. अर्ध्या तासानं तुम्ही उचललात. त्यानंतर उचलला नाहीत. मी दहा वेळा लावला. मागच्या खोलीतला सिलिंडर एकट्यानं ओढण्याइतका दम तुमच्यात नव्हता. शेजारी फोन नव्हता, आणि असता तरी मी कुठल्या तोंडानं लावला असता?

कंपनीच्या कॅबवाल्याला मी नुसतं सांगितलं की वडिलांचा ऑक्सिजन संपतोय. तो परभणीकडचा होता, त्याला इकडचे रस्ते माहीत नव्हते. माण, घोटावडे, पौड, मी वळणं सांगत होते आणि मनात वजाबाकी करत होते. इतक्या वाजता लाईट गेली, इतकी बॅटरी, ऊन नाही. बॅटरी संपायची वेळ दर वेळी तुम्ही फोन उचलेनासे झालात त्याच्या आधीची येत होती. कोळवणच्या अलीकडे झाड आडवं पडलेलं. मी उतरले आणि चप्पल हातात घेऊन पळत सुटले. रस्त्यावरून पाणी वाहत होतं, दोन्हीकडे लावणीची माणसं पावसासाठी पाठीवर इरली घेऊन वाकलेली, आणि मला सारखं वाटत होतं, एवढी माणसं आहेत इथं, आणि तुमच्याजवळ कुणी नाही. कारण जी होती तिला मी हाकललंय.

घरात काकू होत्या. मागच्या खोलीतला राखीव सिलिंडर त्यांनी एकटीनं फरफटत आणला होता, शहाबादी फरशीवर त्याचा ओरखडा उमटला होता. तुमच्या नाकात नळी होती, ओठ अजून निळसर होते, पण डोळे उघडे होते. मशीनचा घरघर आवाज काकूंना त्यांच्या घरात ऐकू जायचा. तुम्ही बॅटरी पुरवायला मशीन पाव तास चालू, पाव तास बंद असं करत होतात म्हणे. काकू ते मोजत बसल्या होत्या. एकदा पाव तास उलटून गेला आणि घरघर परत आली नाही, तेव्हा त्या धावत आल्या. सिलिंडरची चावी कशी फिरवायची हे काकूंना कसं कळलं, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तू दादास्नी दावत हुतीस, तवा मी चुलीपाशीच हुते की." मग माझे पाय पुसायला त्यांनी फडकं दिलं.

लाईट आल्यावर पिरंगुटचा बॅटरीवाला आला. काकू चहा टाकत होत्या, तुम्ही कॉटवर, मी टॉर्च धरून उभी. त्यानं टोपणं काढली, आत बघितलं, मान हलवली आणि विचारलं, "क्षारानं प्लेटा गेल्यात सगळ्या. पाणी कुठलं घालत होता?"

मी तोंड उघडलं होतं, दादा. एवढं मी शपथेवर सांगते. पण माझ्या आधी तुमचा आवाज आला. "म्याच घातलं. हिरीचं."

विहिरीचं पाणी म्हटल्यावर बॅटरीवाला हसला. काकू चुलीपासून म्हणाल्या, "हिरीचं पानी घालत्यात व्हय कुनी? गिरनी चालवली जल्मभर आन् येवढं कळंना?" तुम्ही माझ्याकडे बघत नव्हतात, छपराकडे बघत होतात. ज्या माणसानं एका पट्ट्यासाठी मला गावासमोर सोडलं नव्हतं, तो हे म्हणाला. आणि मी टॉर्च धरून उभी राहिले.  काकू पुढे दीड वर्ष तुम्हाला त्यावरून चिडवत राहिल्या, तुम्ही हसायचात आणि हसताना खोकला यायचा. नवीन बॅटऱ्यांत मी कायम डिस्टिल वॉटरच घातलं. त्या चांगल्या चालल्या. तुम्ही गेलात ते छातीनंच गेलात, दवाखान्यात, जिथं लाईट कधी जात नव्हती.

तुम्ही का केलंत, यावर मी बरीच वर्षं विचार केला. मी पुन्हा दोन दिवाळ्या येणार नाही असं वाटलं का? की पट्ट्याच्या वेळी बोललात ते परत घ्यायला तुम्हाला दुसरी जागा सापडली नाही? तुम्ही मला ओरडला असतात तर मला ओरडून रडता तरी आलं असतं. कधी कधी मला याचा रागसुद्धा येतो.

गेल्या महिन्यात काकूंच्या घरावर सोलर बसलं. आता गावात लाईट फारशी जात नाही, जास्तीची वीज लाईनीतच जाते आणि बिलातून वळती होते. त्यांचा मुलगा म्हणतो बॅटरीही लावू. काकूंनी मला बोलावून विचारलं, घ्यावी का. मी ओट्यावर बसून समजावलं, की नुसतं बिल वाचवायला बॅटरी कशाला, अडकलेला पैसा सुटेपर्यंत ती म्हातारी होते. घरात कुणाचा श्वास विजेवर असेल तर मात्र बिलाकडे बघू नये, घ्यावी. आणि घेतली तर तिच्याकडे बघायला घरात रोजचं माणूस हवं, शनिवारचं नको. आता बिनपाण्याच्याही मिळतात, हेही सांगितलं.

काकूंना आता कमी दिसतं. त्या म्हणाल्या, "बिनपान्याचीच बरी. न्हाईतर तुज्या बापागत कुनीतरी हिरीचं वतायचं." आणि हसल्या. मुलगाही हसला.

मीही हसले, दादा.

परतताना पौडपर्यंत मी ठरवत होते की हे सगळं लिहून काढायचं आणि पुढच्या खेपेला काकूंच्या हातात द्यायचं. त्यांना वाचता येत नाही. ते मला माहीत होतं, म्हणूनच लिहायला बसले.