चाळिसावं घर

३ फेब्रुवारी

वही हातात येऊन आठ दिवस झाले आणि आज पहिलं अक्षर उमटतंय. कोर्सच्या बाईंनी निघताना सगळ्यांना वह्या वाटल्या, रोज लिहा म्हणाल्या. मी ती वही खिडकी आपटू नये म्हणून फटीत खोचून ठेवली. उद्या लिहू, परवा लिहू. आज खिडकी बांधायला सुतळी मिळाली, तेव्हा वही मोकळी झाली आणि माझी सबब संपली.

तर आले एकदाची. खाली दगडखाण, वर वस्ती, वस्तीच्या टोकाला दवाखाना. दोन खोल्या, एक बाक, वजनकाटा, औषधांचं पत्र्याचं कपाट. मागच्या खोलीत माझी खाट. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, तेही रस्ता धड असला तर. एरवी सगळं सिस्टर बघतात. सिस्टर पन्नाशीच्या, आवाज असा की खाणीत सुरुंग लावायची गरज नाही. मला आपादमस्तक पाहून म्हणाल्या, मागची पोरगी आठ दिवस टिकली, त्याआधीची पाच. तू किती दिवसांचं सामान आणलंस? मी म्हटलं, तीन महिन्यांचं. हसल्या आणि चहा टाकला.

फोन पाण्याच्या टाकीवर चढल्यावर लागतो. आई वीस वर्षं शहरातल्या इस्पितळात फरशी पुसतेय. तिनं पहिलं काय विचारलं, तर तुला बसायला खुर्ची दिली का. दिली म्हटलं. ती मला भिंगरी म्हणते. बारावी दुसऱ्या खेपेला, मग मोबाईलचं दुकान, मग रोपवाटिका, मग काहीच नाही. आमच्या घरात दहावीपलीकडे मी एकटीच गेले, पण तेही रस्ता चुकत चुकत. या कोर्सला मात्र दुसरी संधी नाही. तीन महिने इथे काढायचे, शेरा चांगला आणायचा, की मी आरोग्यसेविका.

९ फेब्रुवारी

काम आवडतंय. हे मी पहिल्यांदाच कुठल्या कामाबद्दल लिहितेय.

सकाळी दवाखाना, दुपारी घरभेटी. प्रत्येक घराचं एक कार्ड. त्यावर घरात कोण कोण, वय, आजार, ताप, नाडी. खोल्या किती, चुली किती. चाळीस घरं, चाळीस कार्डं. सिस्टर म्हणतात, कार्ड आहे तर माणूस आहे. कार्ड नाही त्याला गोळी नाही, लस नाही, तो मेला तरी वर कुणाला पत्ता लागत नाही.

दगडाच्या धुळीनं इथे तिशीतला माणूस साठीचा दिसतो. दुसऱ्या आळीतल्या पाथरवटाची छाती ऐकली तर आत कुणी पत्र्यावर खडी ओततंय असं वाटलं. त्याची बायको फटकळ. म्हणते, ताई, तुम्ही दरवेळी ऐकता आणि मान हलवता, एकदा आम्हालाही ऐकवा काय गाणं चाललंय. मी नळी तिच्या कानाला लावली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला स्वतः दंडाला धरून घेऊन आली.

१४ फेब्रुवारी

हे लिहायचं नव्हतं, पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार.

घरं एकोणचाळीसच भरली. जुन्या यादीत चाळीस आहेत आणि डॉक्टर उद्या सह्या करणार. चाळीस हवीतच, सिस्टरांनी बजावलं. खाणीमागे पाहा म्हणाल्या. पाथरवटाच्या बायकोला विचारलं, तर म्हणाली तिकडे भूतसुद्धा राहत नाही, नुसता पाण्यानं भरलेला खड्डा आहे. तरी गेले. खड्ड्यावर एक खंड्या पक्षी मासे मारत होता. सरळ खाली सूर, पाणी हलतंय न हलतंय तोच वर. दुपार तशीच गेली. मग कातळावर बसून चाळिसावं कार्ड मनानंच भरलं. सासरा, वय सत्तर, खोकला. सून, वय बावीस, सातवा महिना. ताप नाही. खोली एक, चूल एक. नाडीचा आकडा सुचतोय तोवर खंड्यानं परत सूर मारला आणि तो रकाना राहून गेला.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरांनी न बघता चाळीस सह्या केल्या. सिस्टर म्हणाल्या, शाबास, तू टिकणार.

२१ फेब्रुवारी

आज सकाळच्या रांगेत एक म्हातारा आणि एक पोटुशी बाई. हातात कार्ड. माझ्या अक्षरातलं.

आधी हायसं वाटलं. म्हणजे तिकडे खरंच घर होतं, मी आंधळ्यासारखा दगड मारला आणि तो बरोबर लागला. म्हाताऱ्याला खोकल्याचं औषध दिलं. मग तिचं मनगट हातात घेतलं. हात गरम होता. नाडी नव्हती. दुसरा हात घेतला. तिथेही नाही. छातीला नळी लावली, तर भिंतीला लावावी तसं.

ती माझ्याकडे नाही, कार्डाकडे बघत होती. म्हणाली, तो रकाना राहिलाय ताई, असू दे, घाईत होतं असं.

२४ फेब्रुवारी

जाऊन आले. खड्ड्याच्या काठी घर आहे. एक खोली, एक चूल. खिडकी नाही. कार्डावर खिडकीचा रकानाच नसतो.

तिनं बसायला जागा करून दिली. पोटावर हात ठेवून म्हणाली, पहिलटकरीण आहे, तुम्ही आहात म्हणून धीर आहे.

परतताना पाथरवटाच्या बायकोला गाठलं. म्हटलं, तुम्हीच म्हणालात ना, तिकडे कुणी नाही. ती हसली. म्हणे, ते तर पहिल्यापासून आहेत, तुमचंच लक्ष पाखरांत असतं.

पाखराचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

२ मार्च

सिस्टरांना सगळं सांगितलं. कार्ड खोटं आहे, मी मनानं भरलं. त्या गोळ्या मोजत होत्या, मोजतच राहिल्या. म्हणाल्या, खोटं कार्ड केलंस असं वर कळवू का? कोर्स तिथेच संपेल. आईला काय सांगशील?

मग समजावणीच्या सुरात म्हणाल्या, बाई रोज रांगेत बसते, मी स्वतः तिला बघते, आणि तू म्हणतेस ती नाही. थकली आहेस. कार्डावर भेट देणारी म्हणून तुझी सही आहे, केस तुझी. बाळंतपण मेमध्ये. तोवर तू इथेच, तसं पत्र कालच वर गेलंय.

माझे तीन महिने एप्रिलमध्ये संपतात.

५ मार्च

पिशवी घेऊन बसथांब्यावर गेले. ड्रायव्हर याच वस्तीतला. दार उघडलंच नाही. खिडकीतून म्हणाला, आमच्या बायाबापड्यांना सोडून कुठे निघालात ताई? याआधीच्या गेल्या, कुणी थांबवलं नाही, त्याचं आम्हाला अजून वाईट वाटतं. चांगुलपणानं म्हणाला. बसमधले सगळे चांगुलपणानं बघत होते. कुणीतरी माझी पिशवी उचलून दवाखान्यात परत आणून ठेवली. वर एक खुर्चीही आणली. नवीन. माझ्यासाठी.

पायी निघाले तर घराघरातून बाया बाहेर येतात. कुठे, ताई? कुठे, ताई?

९ मार्च

रांगेनंतर जमा झालेलं तिचं कार्ड कपाटातून काढलं. सासऱ्याच्या ओळीवर रेघ मारली. एकच. बघू या म्हणून.

१० मार्च

ती एकटी आली. बाकावर बसली, शेजारी एका माणसाची जागा सोडून.

सिस्टर म्हणतात कुठला सासरा, ती एकटीच तर आहे. पाथरवटाची बायको म्हणते तेच. फक्त सुनेला आठवतो. रडली नाही. गोळ्या घेतल्या आणि निघताना इतकंच म्हणाली, ताई, बाळाची ओळ लिहाल ना, तेव्हा जरा जपून.

मी माणसं वाचवायला आले होते. मी —

१३ मार्च

टाकीवर चढले. आईला म्हटलं मला घरी यायचंय. ती म्हणाली खुर्ची सोडू नकोस, भिंगरे. तेवढंच. फोन कट.

सुनेच्या पोटावर हात ठेवला. आत हालचाल आहे. आकडा नाही. मी लिहिलेलं पोट आहे. कधी वाटतं, लिहून टाकू नाडीचा आकडा — लिहिला तर ती पुरती जिवंत, आणि मी कायमची —

१५ मार्च

सिस्टरांनी माझी खाट उचलायला लावली. म्हणाल्या, ती पोटुशी एकटी आहे, उद्यापासून तू तिच्याकडे राहायचं. खिडकी नसलेल्या खोलीत.

आता एकच उपाय. आख्खं कार्ड खोडायचं. ती आणि ते — नाही, विचार करायचा नाही.

१६ मार्च, सकाळ

कार्ड समोर. पेन हातात. रेघ वरच्या कोपऱ्यातून तिरकी, खालपर्यंत. अर्ध्यावर आलीय.

ती बाहेर बाकावर बसली आहे. आत बघत नाही. तिला माहीत आहे.

फक्त अर्धी रेघ उर —

सिस्टर दारात. हसताहेत. म्हणतात, ऊठ, बघ तरी कोण आलंय. सकाळच्या बसनं तुझी आई आली, न कळवता. ड्रायव्हरनं तिला घरी नेऊन सोडलं.

कुठल्या घरी, मी विचारलं. खाणीमागच्या, म्हणाल्या. तुझं घर म्हणून तिनं तेच सांगितलं.

कार्डावर रेघेच्या खाली, उरलेली अर्धी जिथून जाणार तिथेच, एक ओळ आहे. आत्ता नव्हती. शाई ओली. अक्षर माझं.

आई, वय सत्तेचाळीस. ताप नाही. नाडी —