उजव्या पापणीचा खर्च

बाबा, परवा डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई मुलीला घेऊन बसली होती. मुलीची एक पापणी खाली आलेली, माझी होती तशीच. आत गेल्यावर बाईने डॉक्टरांना विचारलं, खर्च किती येईल, आणि शस्त्रक्रियेवाचून दुसरं काही होईल का? दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. मी बारा वर्षांची असताना तुम्हीही हेच दोन प्रश्न विचारले होते, याच क्रमाने.

आपण मालवणहून बोटीने मुंबईला गेलो होतो. तुम्ही लग्नातला कोट घातला होता आणि घरात कधी न बोललेली पुस्तकी मराठी बोलत होता, हळूहळू, शब्द तपासून. जन्मापासून माझी उजवी पापणी अर्ध्या बुबुळावर यायची. नीट बघायचं तर हनुवटी वर करावी लागे, आणि शाळेत ती मिजास वाटे. डॉक्टर तपासून म्हणाले, "नजर उत्तम आहे. करायचं ते फक्त दिसण्यासाठी." मग खर्च सांगितला. शस्त्रक्रिया, खोली, औषधं, आणि पापणी पुरेशी उचलली गेली नाही तर पुन्हा तेच सगळं. सोनारकामाच्या मजुरीवर चालणाऱ्या आपल्या घरात तेवढे पैसे एकदम कुणी पाहिले नव्हते. तुम्ही मान हलवलीत आणि दुसरा प्रश्न विचारलात. डॉक्टर म्हणाले, चिकटपट्टीने पापणी ओढून धरता येते, पण कातडी सोलवटते; नाहीतर चष्म्याला आतून एक तार बसवतात, ती पापणी उचलून धरते. तुम्ही खुर्चीत पुढे सरकलात. "तार किती जाड?" त्या खोलीत तुमचा आवाज पहिल्यांदाच मोकळा झाला.

घरी आल्यावर आठ दिवस तुम्ही दुसरं काम घेतलं नाहीत. मी दुकानाच्या ओट्यावर उजेडात बसले आहे, तुमच्या मांडीवर साध्या काचांचा चष्मा आहे, आणि तुम्ही चांदीची तार तापवता, वाकवता, गार करून माझ्या पापणीला लावून बघता. "दुखता काय गो?" मी नाही म्हणते. "खोटा बोला नको. दुखला तर माका कळाक व्हया." दुखतंच. पण मी पुन्हा नाही म्हणते, आणि तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून तार पुन्हा काढता. कितव्या तरी खेपेला पापणी उचलली गेली आणि हनुवटी न उचलता मी समोरच्या दुकानाची पाटी वाचली. मधून मधून चष्मा काढून डोळा मिटायचा, नाहीतर तो सुकतो, हे तुम्ही माझ्याकडून घोकून घेतलंत. त्या चष्म्यावर मी मॅट्रिक झाले आणि मुंबईत टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले.

मग सोन्याचा कायदा आला. चौदा कॅरटच्या वर दागिना घडवायचा नाही म्हटल्यावर गावातलं कोण तुमच्याकडे येणार? आईचं पत्र आलं: तांदळापुरतं कसंबसं भागतं, जमेल तेवढे पाठव. मी उत्तर लिहिलं, पगारातून पैसे कापून घेतात, सध्या जमणार नाही. आणि त्याच वर्षी मी पापणीची शस्त्रक्रिया करून घेतली.

मे महिन्यात घरी आले ती तुम्ही तार बसवलेला चष्मा लावूनच. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पडवीत चष्मा काढून झोपले. जाग आली तेव्हा डोळ्यांवर ओलं फडकं होतं. अशी उचललेली पापणी झोपेत पुरती मिटत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. तुम्हाला ते बघूनच कळलं. तुम्ही उंबऱ्याशी बसला होता, माझा चष्मा हातात घेऊन.

"निजताना डोळ्यार ओलो फडको घाल. वारो लागता."

मी उठून बसले. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "खर्च किती इलो?"

"फुकट झाला, बाबा. सरकारी इस्पितळात."

तुम्ही चिमट्याने तार सोडवून काढलीत. "बरा झाला. माझ्या तारेन तुका दुखायचा. तू कधी सांगलंस नाय." मग म्हणालात, "तोंड वर कर. माका दाखय." दुसऱ्या सोनाराचा दागिना पारखावा तशी तुम्ही माझी पापणी बघितलीत, उजेडात या अंगाने, त्या अंगाने. "काम बरा केल्यान," म्हणालात आणि उठून विहिरीकडे गेलात.

ते फुकट झालं नव्हतं. तुम्हाला पाठवायचे पैसे होते ते, आठ महिन्यांचे. पुढे दोनच वर्षांत तुम्ही गेलात, आणि सांगायचं राहून गेलं असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. राहून गेलं नव्हतं. त्या दोन वर्षांत मी चारदा घरी आले होते. आता हा कागद पाठवायला पत्ताच नाही, म्हणून तर लिहायचा धीर झाला. तेव्हा आणखी एक लिहिते. पट्टी सोडली त्या सकाळी नर्सने माझ्या हातात आरसा दिला. त्या क्षणी तरी मला तुमची आठवण आली असेल, असं मी पुष्कळदा मनात घोळवून पाहिलंय. आली नव्हती, बाबा. मी नुसती स्वतःकडे बघत राहिले होते, आणि मला माझं तोंड फार आवडलं होतं.