करणार: धाकटी

३ तारीख, सोमवार

पोचले एकदाची! सामान लावलं, खाटेवर चादर घातली, आणि आता खिडकीशी बसून लिहितेय. दुकान वरच्या मजल्यावर आहे. खाली शिंप्याचं दुकान, मग एकोणीस लाकडी पायऱ्या (मी मोजल्या, सवयच आहे), आणि वर एक लांबट खोली. पुढे गिऱ्हाइकांचं टेबल, मागे कामाचं टेबल, पडद्यापलीकडे माझी खाट. कामाच्या टेबलावर लख्ख दिवा, स्टँडवरचं भिंग आणि स्क्रू ठेवायला लोहचुंबकाची ताटली. बाबांनी पाहिलं असतं तर हेवाच वाटला असता त्यांना. आमच्याकडे लॅपटॉप उघडायचे ते जेवणाच्या टेबलावर, आणि आई ताटं घेऊन आली की पळापळ.

मालक साठीचे, गोल, मऊ बोलणारे. कशालाही 'बरं बरं' म्हणतात. मी आधीच सांगून टाकलं की मी शाळेत गेलेली नाही, लिहायला-वाचायला आईने शिकवलं आणि काम बाबांनी. बरं बरं. प्रमाणपत्र नाही. बरं बरं. धाकट्या बहिणीला फोनवर हे सांगितलं तर तिने लगेच त्यांचं बारसं केलं, बरंबरंकाका. आता त्यांच्यासमोर मला हसू फुटलं तर दोष तिचा.

५, बुधवार

आज चार लॅपटॉप. एकावर दूध सांडलेलं, एकाची चार्जिंगची पिन सैल, दोन नुसते धुळीने गुदमरलेले. दूधवाल्या बाईंनी आधी शपथेवर सांगितलं की काहीच सांडलं नाही, मी झाकण उघडून साय दाखवली तेव्हा म्हणाल्या, मांजर असेल. मांजर पाळता का विचारलं तर नाही म्हणाल्या.

प्रत्येक लॅपटॉपच्या खालच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी बारीक पेनाने नोंद केली. बाबांचा नियम आहे तो. तारीख, काय केलं, काय उरलं, आणि उरलेलं कोण करणार. पुढच्या उघडणाऱ्याला कळलं पाहिजे. 'करणार'पुढे ज्याचं नाव, त्याची सुटका नाही, मग ताप असो की पाहुणे असोत. बाबांचा दुसरा नियम, खाली पडलेला स्क्रू ज्याला दिसेल त्याने उचलायचा, ओलांडून जायचं नाही. आम्ही दोघी बहिणी चालत्या रस्त्यातही स्क्रू उचलतो. आई म्हणते, लग्नात सुद्धा वाकाल.

मालकांनी माझ्या नोंदी वाचल्या. बराच वेळ वाचत होते. मग वरच्या फळीवरचा एक करडा, जाडजूड लॅपटॉप काढून दिला. मालकी कुणाची विचारलं तर म्हणाले, न्यायला कोणी येत नाही, फावल्या वेळात बघ.

७, शुक्रवार

करडा लॅपटॉप उघडला. दहा स्क्रू, अकरावा वरून चिकटपट्टीने लावलेला. आणि आत काय असावं? नोंदी! सहा जणांच्या, सहा वेगवेगळ्या हातांच्या, अगदी आमच्या बाबांच्या पद्धतीने. इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले.

गंमत म्हणजे सगळ्यांनी तेच काम केलंय. पंखा साफ केला. बिजागरी बदलली. कीबोर्ड. स्पीकर. घड्याळाचा सेल. आणि सहाही जणांची शेवटची ओळ एकच, 'उरलं: एक स्क्रू.' इतकं सगळं करून एक स्क्रू कसा उरतो? निष्काळजी माणसं! त्यापुढे 'करणार: भाऊ', मग खाली भावाची नोंद. 'करणार: मैत्रीण', मग मैत्रिणीची. सर्वांत शेवटी, 'करणार: नवी मुलगी.'

म्हणजे मीच की.

पंख्यात धुळीची जाड वळकटी होती. ब्रशने साफ केला, चिप थंड ठेवणारी पेस्ट बदलली. बाकीचं तसंच आहे, बिजागरी कडक, कळा अडकतात, आवाज नाही, घड्याळ चुकतंय. तेवढं लिहिलं, आणि घराची आठवण आली म्हणून पुढे गमतीत लिहिलं, 'करणार: धाकटी.' तिला फोन केला तर म्हणाली, आरामात बसून मला कामाला लाव, लहानपणापासून हेच करत आलीस.

८, शनिवार

झोप नीट लागली नाही. चेष्टेत लिहिलेलं खोटं ठरतं का? खोडून टाकावं असं वाटलं, पण झाकणातलं खोडायचं नाही, फक्त खाली भर घालायची, असं बाबा म्हणतात. तसंच राहू दिलं.

१०, सोमवार

जिना चढताना धाप लागते. एकोणीस पायऱ्यांत दोनदा थांबले. शिंपी म्हणाला, एवढ्याशा वयात? मी म्हटलं, धूळ गेली असेल छातीत.

करड्या लॅपटॉपचा पंखा मात्र सुरेख चालतोय. आत-बाहेर, आत-बाहेर, एकसारखा. बॅटरी काढून मी बाजूला ठेवलेली आहे.

हे नीट लिहायला हवं. बॅटरी माझ्या खणात आहे. वायर जोडलेली नाही. पंखा चालतोय.

१२, बुधवार

मालकांना दाखवलं. ते म्हणाले, बरं बरं, आता बिजागरी घे. मी बावळटासारखी घेतली. काम समोर असलं की मला नाही म्हणता येत नाही. जुनी बिजागरी गंजून घट्ट झाली होती, नवी बसवली. आता पडदा लोण्यासारखा उघडतो.

१३, गुरुवार

सकाळी खाटेवरून उठता आलं नाही. गुडघे वळत नाहीत. दोन्ही. खाली बसायचं तर भिंतीला धरून धपकन पडावं लागतं. डॉक्टरांनी ठोकून पाहिलं, म्हणाले काही नाही, बसून काम करता ना, चालत जा. चालायलाच तर येत नाही, म्हटलं. ते हसले.

१५, शनिवार

आज त्या सहा नोंदी भिंगाखाली धरल्या. आधी का दिसलं नाही मला? प्रत्येकाची पहिली ओळ सुबक आहे. दुसरी जरा वाकडी. कीबोर्डच्या ओळीपासून अक्षर पार बिघडतं, पेन मुठीत धरल्यासारखं. शेवटची ओळ तर लहान मुलाने गिरवल्यासारखी. सहाही जणांची.

पंखा दुरुस्त झाला आणि माझा श्वास गेला. बिजागरी दुरुस्त झाली आणि माझे गुडघे गेले.

मी मालकांना सांगितलं की मला घरी जायचंय, पगार नको. ते अजिबात चिडले नाहीत. म्हणाले, जा की, तुला कोण अडवतंय. उरलेलं धाकटी करेल. तूच लिहिलंयस. मी तुझ्या घरी फोनही केलाय, ताईची तब्येत बरी नाही, हाताखाली कोणीतरी हवं. शुक्रवारी येतेय ती. गोड पोरगी आहे, बोलायला चुणचुणीत.

१६, रविवार

स्पिरिटने पुसलं. गेलं नाही. ब्लेडने खरवडलं. प्लॅस्टिकचा चुरा निघाला, अक्षरं तशीच, जरा खोल. खाली लिहिलं, 'करणार: मी.' शाई सुकली तशी दिसेनाशी झाली.

घरी फोन केला. धाकटीला म्हटलं येऊ नकोस. ती म्हणाली, तुला ना ताई, सगळं एकटीने करून मग आजारी पडायची हौस आहे. म्हटलं, इथे भयंकर आहे. म्हणाली, मग तर येतेच. बाबांनी फोन घेतला. ते एवढंच म्हणाले की तू तिचं नाव लिहिलंस ना, मग झालं, आता मागे घेऊ नये. आई मागून विचारत होती जेवलीस का.

मी तिचं नाव लिहिलं. गमतीत. मी.

१७, सोमवार

रडून काही होणार नाही. विचार केला. ज्या सहा जणांनी हे केलं त्या सहांचंही काहीतरी उरलं, म्हणून पुढचा आला. काहीच उरलं नाही तर कोणी करायचंही उरत नाही. सगळं मीच पूर्ण करायचं. शेवटच्या स्क्रूपर्यंत. ती येण्याआधी.

पळून गेले तर तिच्या वाट्याला चार कामं. राहिले तर एकही नाही. हिशेब सोपा आहे. भीती वाटते, पण सोपा आहे.

कीबोर्ड बदलला. कळा मऊ आहेत. कुणाच्या तरी बोटांसारख्या मऊ.

१८, मंगळवार

बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. रेषा नाहीत. गरम कप धरलाय ते भाजल्याचा वास आल्यावर कळलं. धाकटीला निरोप पाठवायला फोन घेतला, तर काच माझं बोट ओळखत नाही. दाबते, घासते — काही नाही. काचेला मी नाहीच.

पेन मुठीत धरून लिहितेय. अक्षर बघवत नाही. आई रागावली असती.

१९, बुधवार

स्पीकर बसवला. बसवण्याआधी खिडकीतून शिंप्याला हाक मारली, घरी फोन करा, तिला थांबवा म्हणून. त्याने वर पाहिलं, टेप गळ्यात टाकली आणि दुकानात गेला. रोज पाहत असेल तो. सहा जणांना पाहिलंय त्याने.

स्पीकर तपासायला आवाज लावला. तर — मी. माझा आवाज. "धाकटे," म्हणाला, "ये गं लवकर."

मी ओरडले. तोंड उघडलं. हवा आली नुसती.

२०, गुरुवार

मालकांनी बाहेरून कडी घातली. दाराआडून म्हणाले, आता थोडंच राहिलंय, बरं बरं.

सेल हाताला लागत नाही. पिनेवरून घसरतो. शंभर वेळा तरी. दुपारपर्यंत शंभर. बोटांना कळतच नाही धरलाय की नाही — डोळ्यांनी बघून धरते.

उद्या ती.

२१, शुक्रवार

सकाळ. मालक तिला आणायला गेलेत.

सेल बसला. कट्‌ झालं. लॅपटॉपचं घड्याळ सुरू — बरोबर वेळ. मानेवर मनगट ठेवून पाहिलं. काही लागत नाही. छातीवर. काही नाही. शांत. अजून लिहितेय पण. थोडी आहे मी अजून.

झाकण लावण्याआधी लिहिलं. सेल बदलला. उरलं: काही नाही. सुकेपर्यंत फुंकर घालायची होती — फुंकर कुठली. बघत बसले. अक्षरं राहिली! गेली नाहीत! आता फक्त स्क्रू. अकरा.

एक. दोन. तीन.

सात बसले. हात —

दहा.

अकरावा पडला. ताटलीतून टेबलावर, टेबलावरून खाली. गुडघे वळत नाहीत. टेबल धरून पडले. सरपटत गेले. तो दाराशी होता. बोट लावलं — कळलंच नाही किती जोरात — दाराखालच्या फटीतून बाहेर. आवाज ऐकला. टक. टक. टक. पायऱ्यांवरून खाली.

मी निष्काळजी नव्हते. कुणीच नसेल.

खालचं दार वाजलं. तिचा आवाज. हसतेय. मालकांना काहीतरी म्हणतेय, ते म्हणतायत बरं बरं.

टेबलावरून माझा आवाज आला. "ये गं, वर ये, वाटच बघतेय."

मी नाही ती. हे पान फाडून फटीतून टाकते. हेच वाच.

धाकटे मी नाही ती. वर येऊ नको. परत जा. पायरीवर स्क्रू दिसेल. ओलांडून जा. बाबांनी सांगितलेलं विसर. आयुष्यात एकदा ऐक माझं ओलांडून जा

पान फाटत नाही. मुठीत येत नाही. दातांनी —

पावलं. चार. पाच. सहा. भरभर चढते ती, नेहमी तशीच. सात. आठ.

थांबली.

मालकांची पावलंही थांबली.

वाकू नको धाकटे वाकू नको उच