ओवाळणीतला मासा

धार, सोमवार ता. २ सप्टेंबर १९०७

नानाचं पत्र, देवासहून. मुलींच्या शाळेसाठी नवं वाचनाचं पुस्तक निघतंय, धडे निवडणाऱ्या मंडळीत तो आहे. लिहितो, "आक्का, तुझ्या माशावर एक धडा घालू. वही पाठव. इकडच्या पोरींनी समुद्र कुठं पाहिलाय?"

पत्र तीनदा वाचलं. पाठच्या भावाला आठवण राहिली. हे गेल्यापासून (तीन वर्षं होतील मार्गशीर्षात) लोणच्याच्या कृतीखेरीज कुणी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

ट्रंकेतून वही काढली. पानं तांबूस, शाई मात्र ठीक.

ता. ५

वहीतलं माशाचं चित्र नव्या कागदावर उतरवलं. हात पूर्वीसारखा नाही, तरी गोल बरा आला. भांडी घासणारी गेंदी डोकावून म्हणाली, "बई, यो तो घट्टी को पाट हे!" हसले. लहानपणी ननांच्या कॉन्व्हेंट शाळेत चित्रकलेच्या सिस्टरनं हेच सांगितलं होतं, लॅटिनमध्ये त्याचं नावच जात्यावरून पडलंय.

दुपारी शेजारच्या माईसाहेब. "अहो आक्का, शेपूट काढायची राहिली की!"

राहिली नाही, त्याला नसतेच, असं समजावता समजावता चहा गार झाला. जाताना पुन्हा, "एक शेपूट रंगवाच हो, बरी दिसेल."

ता. ८, रविवार

वही पाठवायच्या आधी सबंध वाचून काढली. वाचता वाचता वेंगुर्ल्यालाच जाऊन बसले.

बाबा तिथं बंदरावर अंमलदार. मी पंधरा वर्षांची, सुट्टीत घरी आलेली. नाना नऊ. तांडेलाच्या होडीतून फिरायला निघालो. वारा मुळीच नाही, पाणी तेलासारखं. आणि समोर पाण्यावर आडवा पडलेला तो, दाराच्या फळीएवढा. मी ओरडले, मेलाय! तांडेल म्हणाला, "मेलो नाय गो बाये, उनाक पडलो हा." ऊन खात होता तर.

त्याच्या अंगावर एक पांढरा पक्षी चालत होता, कातडीतल्या उवा टिपत. मासा स्वस्थ. एक डोळा आभाळाकडे. होडी जवळ गेली तशी तो डोळा माझ्याकडे वळला. मग सावकाश उभा झाला. वरचा पर आणि खालचा पर, दोन्ही एकदम एकाच बाजूला झुलवीत खाली गेला. पाठीमागं शेपूट नाही, नुसती एक झालर, परकराच्या काठासारखी. धड जणू मध्येच संपलेलं. नानाला म्हटलं, "बघ, बघ!"

आठवड्यानं दुसरा एक जाळ्यात आला. नाना तापानं घरी, मी एकटीच किनाऱ्यावर. तो वाळूवर बराच वेळ जिवंत होता, घशात दात करकर वाजवत. तोंड पोपटाच्या चोचीसारखं आणि मिटत नाही. पण डोळा मिटतो! बटव्याची नाडी ओढावी तसा भोवतालून आवळून घेतो. दुसरा कुठला मासा डोळा मिटताना मी पाहिलेला नाही. कातडी कानशीसारखी खरखरीत, खाली शहाळ्याच्या जून मलईसारखा पांढरा थर, मनगटाएवढा जाड. पोटात समुद्रातल्या त्या थलथलीत काचेसारख्या जिवांचा लगदा, बाकी काही नाही. एवढं थोरलं धूड, आणि जगतं पाण्यासारख्या अन्नावर.

पिलू म्हणे करडईच्या बोंडासारखं काटेरी आणि नखाएवढं असतं. ते सिस्टरच्या पुस्तकात होतं, मी पाहिलं नाही, म्हणून वहीत नाही. तिची ताकीद होती, जेवढं डोळ्यांनी पाहिलं तेवढंच.

ता. १४

वही रवाना, इंदूरकडे जाणाऱ्या टांग्यातून. ट्रंक बंद केली तर उगीच रिकामी वाटली. एवढीशी तर वही.

ता. २१ ऑक्टोबर

नानाचं चार ओळींचं पत्र. "मंडळींनी थोडी थट्टा केली, पण मी निभावून नेलं. भाऊबीजेला येतो, तेव्हा बघशील."

थट्टा कसली ते लिहिलेलं नाही.

गुरुवार ता. ७ नोव्हेंबर, भाऊबीज

नाना काल संध्याकाळी आला. सकाळी तेल, उटणं, सगळं यथासांग. पाटावर बसला तेव्हा टक्कल पडलेला तो माणूस क्षणभर नऊ वर्षांचाच वाटला. मी ओवाळलं. त्यानं तबकात नाणं टाकलं नाही, घडी केलेला कागद ठेवला. "यंदाची ओवाळणी वेगळी आहे, आक्का. उघड तरी!"

निरांजन एका हातात, दुसऱ्यानं कागद उघडला. छापखान्यातून आलेला नमुन्याचा कागद. वर माझा मासा.

त्याला शेपूट होती. चांगली दुभंगलेली, रोह्या-कटल्याला असते तशी.

खाली धडा. "हा मासा मेल्यावर पाण्यावर तरंगतो व पक्षी त्याचे मांस खातात." शेवटी नानाचं नाव. माझं कुठंच नाही.

तो हसत माझ्याकडे बघत होता. हातात दिवा असताना मी काय बोलणार? करंजी त्याच्या तोंडात घातली. "आवडलं ना?" म्हणाला. मी म्हटलं, "खा."

ता. ८

आज बोलले. जमेल तसं त्याच्या तोंडचं लिहून ठेवते.

"अगं, सगळे हसले. म्हणाले, कोळ्यांनी शेपूट कापून खाल्ली असेल, बाई फसल्या."

"आणि होडीतून पाहिला त्याची कुणी कापली?"

त्यानं पानाचा डबा पुढं ओढला.

"तू होतास ना तिथं? सांगितलंस त्यांना, की मीही होतो?"

"दोन बोटांची शेपूट, आक्का. देवासच्या पोरींना काय फरक पडतोय?"

"आणि नाव?"

"बाईमाणसाचं नाव घातलं असतं तर धडाच घेतला नसता त्यांनी. घरातलंच नाव आहे ना?"

हे वाईट मनानं म्हणाला नाही, तेच जास्त लागलं. परक्यानं केलं असतं तर भांडले असते. ह्याला तर मी

पुढं लिहवत नाही.

ता. १२

नाना परवा गेला. निघताना पाया पडला, मी आशीर्वाद दिला, दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

आज शाळाखात्याच्या सुपरिंटेंडेंटसाहेबांना देवासला पत्र टाकलं. नावाबद्दल अक्षर लिहिलं नाही. नाव त्याचंच राहू दे. फक्त शेपूट खोडा, आणि तो मेलेला नाही एवढं लिहा. पोरी शहाण्या असतात. पुढं एखादी समुद्रावर जाईल, तो मासा बघेल, आणि मेला म्हणून पुढं निघून जाईल.

ता. २५

उत्तर आलं, सभ्य आहे. छापखान्यातल्या दगडावरचं चित्र अजून बदलता येईल. पण जाळ्यातल्या माशाची साक्ष मंडळी धरत नाहीत. होडीतून जिवंत मासा माझ्याबरोबर आणखी कुणी पाहिला असल्यास त्याच्या सहीचा कागद पाच डिसेंबरच्या आत यावा, म्हणजे चित्र व मजकूर दोन्ही सुधारू.

तांडेल कधीच गेला असेल. बाबा गेले. उरला तो नाना. त्याच मंडळीत बसणारा.

पत्रानं भागायचं नाही. जाते.

देवास, ता. २९

इंदूरला मुक्काम करून काल टांग्यानं पोचले. अंग मोडलंय. लांबूनच देवीची टेकडी दिसली तेव्हा हात जोडले.

नानाची बायको यमुना दारातच, "वन्सं, कळवलं असतं तर हे आणायला आले असते! की आमच्यावर रुसून आलात?" तिला काही ठाऊक नाही. नाना शाळेतून आला, मला बघून दारातच थबकला.

जेवणं झाल्यावर माडीवर साहेबांचं पत्र त्याच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "एक सही. भर सभेत काही बोलू नकोस, नुसती सही दे."

त्यानं वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाला, "आक्का, मी पाहिलाच नाही."

मला वाटलं, पुन्हा मंडळींना भिऊन बोलतोय.

"खरंच नाही. मला होडी लागली होती. तळाशी उपडा पडलो होतो, तोंड झाकून. तू बघ बघ म्हणालीस तेव्हा आणखीच घाबरलो. वर बघितलं तेव्हा नुसतं पाणी."

"आणि इतकी वर्षं?"

"घरी गेल्यावर तू बाबांना सांगितलंस, आम्ही दोघांनी पाहिला. मी हो म्हटलं. नऊ वर्षांचा पोर काय म्हणणार?"

नऊ वर्षांचं सोड. पण माझ्या लग्नात ह्यांना तोच सांगत होता, त्या माशानं आमच्याकडे कसं बघितलं ते. मुलांना निजवताना तेच. आई गेली तेव्हा आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो, तेव्हा आपण होऊन म्हणाला होता, "आक्का, तो डोळा आठवतो?" त्या डोळ्यावर मी किती दिवस काढले. जगात आणखी एका माणसाजवळ तो आहे म्हणून.

"तू सांगायचीस तेच मी सांगायचो," म्हणाला. "पुढं मलाही वाटायला लागलं की पाहिलाय. मंडळींत विचारलं तेव्हा कळलं, शेपूट होती की नव्हती, मला आठवतच नाही."

खाली यमुना नातवाला ताटावर बसवत होती. मी जिना उतरून आले. रडले नाही.

ता. १ डिसेंबर, रविवार

दोन दिवस नानाशी बोलले नाही. यमुना एकदा ह्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघते. काल म्हणाली, "भांडण असेल तर भांडा तरी बाई, घरात आवाज नाही."

आज सकाळी नानानं माझ्यापुढं कागद ठेवला. सुरेख अक्षर, खाली पूर्ण सही. "मी वयाच्या नवव्या वर्षी वेंगुर्ल्याजवळ होडीतून सदर मासा जिवंत स्थितीत समक्ष पाहिला आहे. त्यास शेपूट नव्हती. होडी जवळ जाताच त्याने डोळा आमच्याकडे वळविला." पक्षी, झालर, परांचं झुलणं, सगळं बरोबर. माझ्या वहीपेक्षा सरस लिहिलंय.

"हे खोटं आहे, नाना."

"मासा खरा आहे ना?"

"आहे."

"मग? एवढं तरी करू दे मला." आणि अंघोळीला निघून गेला.

दुपारी मी माझा कागद लिहिला. दोनच ओळी. माझ्याबरोबर तो मासा दुसऱ्या कुणी पाहिलेला नाही. माझ्या शब्दापलीकडे माझ्याजवळ काही नाही.

हा पाठवला तर पोरी शेपटीचाच मासा शिकतील, मेलेला. त्याचा पाठवला तर मासा जसा होता तसा छापला जाईल, आणि नानानं तो पाहिला हे खोटं पुन्हा एकदा, सहीनिशी, आणि ह्या वेळी माझ्या हातून.

साहेबांकडे जायला शाळेचा शिपाई आलाय. यमुना जिन्याखालून हाक मारतेय, "वन्सं, तो उभा आहे हो, काय द्यायचं ते द्या!"

आले म्हटलंय. पत्ता लिहून झालाय. दोन्ही कागद समोर आहेत, पाकीट अजून उघडंच.